इंग्लंड: सिक्स्थ फॉर्मचा (इथली अकरावी-बारावी, म्हणजे ए लेव्हलची दोन वर्षं) तिसरा विषय कोणता? तातडीने मदत हवी

केळफूल
अर्जाची मुदत सोमवारी संपतेय. लेकीचं मॅथ्स आणि केमिस्ट्री नक्की आहे. तिसरा विषय बायोलॉजी की फिजिक्स? आहे त्याच शाळेत ठेवावं की वेगळ्या कॉलेजात घालावं? "तिला विचारा" हे उत्तर नको, विचारून झालंय.

गणिती
पुढे काय करायचंय? प्रेडिक्टेड ग्रेड (शाळेने वर्तवलेली)? जीसीएसईला (इथली दहावी) सायन्स कंबाइंड (तिन्ही मिळून दोन विषयांइतकं) की ट्रिपल (तिन्ही वेगवेगळे)? ए लेव्हल मॅथ्सला बहुतेक ठिकाणी जीसीएसईची ६ किंवा ७ ग्रेड (९ सर्वोच्च) मागतात. फर्दर मॅथ्सचाही (गणिताचा वेगळा, वरचा विषय) विचार करा, केंब्रिज आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजला गणिताच्या डिग्रीसाठी ते लागतंच.

हिरवा चाफा
फर्दर मॅथ्स कुणी विचारलंय? इंजिनिअरिंग असेल तर फिजिक्स, मेडिसिन असेल तर बायोलॉजी. ठरत नसेल तर चार विषयांनी सुरुवात करून दिवाळीच्या सुमारास एक सोडता येतो. फक्त चारही विषय टाइमटेबलच्या वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या विषयांचा गट) आहेत ना, ते आधी विचारा. एकाच ब्लॉकमध्ये दोन आले की जमत नाही.

गणिती
चार कशाला ओढायचे? युनिव्हर्सिट्या ऑफर सहसा तीन ग्रेडवरच देतात आणि सगळी परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदम असते.

बोरकूट
टी लेव्हल (ए लेव्हलऐवजीचा व्यवसायाभिमुख कोर्स) बघितलं का? तीन ए लेव्हलच्या बरोबरीचं, शिवाय किमान ३१५ तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव.

चिक्की
भारतात एमबीबीएसला पाठवणार असाल तर फिजिक्स सोडू नका. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतात.

केळफूल
भारतात नाही पाठवायचं! मेडिसिन, नाहीतर बायोकेमिस्ट्री. कंबाइंड, ७-७ प्रेडिक्टेड.

हिरवा चाफा
मग बायोलॉजीच. टी लेव्हल मेडिसिनला बहुतेक ठिकाणी चालत नाही. कंबाइंडवाल्यांचा ट्रिपलमधला काही भाग राहिलेला असतो, तो जीसीएसईनंतरच्या सुट्टीत भरून काढा, नाहीतर सप्टेंबरमध्ये धावपळ होते. अर्ज शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे करा. त्यांची ऑफर सशर्त असते, पक्कं ऑगस्टमधल्या जीसीएसईच्या निकालानंतरच होतं. कॉलेजला एवढं नक्की विचारा: मेडिसिनसाठी यूकॅसची (युनिव्हर्सिटीचे अर्ज घेणारी संस्था) मुदत इयर १३ मध्ये (सिक्स्थ फॉर्मचं दुसरं वर्ष) १५ ऑक्टोबरलाच संपते, तर प्रेडिक्टेड ग्रेड आणि रेफरन्स (शिफारसपत्र) त्याआधी किती दिवस तयार असतात? यूकॅटही (मेडिसिनची प्रवेश परीक्षा) त्याआधीच द्यावी लागते.

टेम्सकाठ
व्हिसा कोणता? ए लेव्हल फुकट झालं म्हणून युनिव्हर्सिटीत होम फी (इथल्या विद्यार्थ्यांची कमी फी) लागेलच असं नाही. डिपेंडंट (आईवडिलांच्या व्हिसावर) असेल तर साधारणपणे कोर्स सुरू होण्याआधी आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) हातात हवा, आणि तिथवर सलग तीन वर्षं इथे राहिलेली हवी.

केळफूल
स्किल्ड वर्कर (नोकरीच्या) व्हिसावर डिपेंडंट. आयएलआरला अजून दोन वर्षं आहेत.

टेम्सकाठ
दोन वर्षं कुठल्या महिन्यात पुरी होतात? तिचा कोर्स सप्टेंबरात सुरू होणार, सगळं त्या महिन्यावर आहे.