शब्दकोडं: नुसतं उत्तर नको, उकल टाका (बी विंग ग्रुप)

सेक्रेटरी काका: सर्वांना सूचना. उद्या ११ ते १ टाकी धुणार आहे, पाणी भरून ठेवा. कूलरमध्ये पण आजच टाकून घ्या, दुपारच्या उन्हात कोणाचा कूलर कोरडा राहायला नको.

२०३ वहिनी: ओके काका. आणि एक विनंती आहे सगळ्यांना, पेपरातल्या शब्दकोड्याचा पूर्ण भरलेला फोटो सकाळी साडेसहालाच ग्रुपवर येऊन राहिला रोज, मी चहा घेऊन पेपर उघडते तोवर सगळी उत्तरं डोळ्यासमोर, मग सोडवायचं काय?

पिंटू ४०१: मी टाकतो वहिनी, ज्यांचं अडलं त्यांना मदत म्हणून

१०४ भाऊ: बंद नको करू बाबू, मले तं कामी येते. मी दुकान उघडायच्या आधी पाहून घेतो, तीनचार शब्द रोज अडूनच राहतात, ते जुळवून घेतो

३०१ काकू: भाऊ, जुळवून घेता ते ठीक आहे, पण तोच शब्द पुढच्या आठवड्यात दुसऱ्या क्ल्यूने आला की पुन्हा अडाल. म्हणून माझं म्हणणं असं की उत्तर टाकायचंच असेल तर सोबत ते उत्तर का, हे पण लिहा. मी इतकी वर्षं मराठी शिकवलं, मुलांना समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या की दुसऱ्या दिवशी विसरतात आणि एकदा कारण कळलं की विसरत नाहीत. आजचाच आडवा ५ बघा, "मेघ, वेगवान (३)", म्हणजे तीन अक्षरांचा शब्द. पिंटूच्या फोटोत "जलद" आहे, बरोबर आहे, पण का?

१०४ भाऊ: जलद म्हणजे फास्ट, हे तं समजलं. मेघ कुठून आला?

३०१ काकू: तेच सांगते. जल म्हणजे पाणी आणि द म्हणजे देणारा, म्हणून जलद म्हणजे ढग. आता गंमत बघा, पाण्याला संस्कृतातून आलेले शब्द घ्या, जल, नीर, अंबु, वारि, तोय, आणि प्रत्येकाला शेवटी द लावा, जलद, नीरद, अंबुद, वारिद, तोयद, सगळे ढग! द काढून ज लावा, ज म्हणजे जन्मलेला, तर जलज, नीरज, अंबुज, वारिज, सगळी कमळं, पाण्यात जन्मली म्हणून. पंक म्हणजे चिखल तर पंकज, सरोवरातलं ते सरोज, हेही त्याच घरातले. आणि धी लावा, म्हणजे साठवणारा, तर जलधी, अंबुधी, वारिधी, हे समुद्र. पाच शब्द आणि तीन शेपट्या एवढं लक्षात ठेवा, ढग कमळ समुद्र या तिन्ही क्ल्यूंना तुम्ही कधी अडणार नाही, आणि कोडी करणाऱ्यांना हे तिन्ही भारी आवडतात.

२०३ वहिनी: काकू हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर!! माझ्या भाच्याचं नाव नीरज आहे, आम्हाला फक्त कमळ म्हणून माहीत होतं

पिंटू ४०१: पण काकू मग ढग म्हटल्यावर जलद की नीरद की तोयद, हे कसं ठरवायचं? सगळे तीन तीन अक्षरांचेच आहेत

३०१ काकू: छान विचारलंस. आज तर क्ल्यूतच "वेगवान" दिलंय, दोन अर्थ एका शब्दात बसायला हवेत, ते फक्त जलदमध्ये बसतात. पण नुसतं "ढग (३)" असतं तर उभ्या शब्दाकडे जायचं. मधल्या चौकटीतून उभा ३ जातो, "सुलट नव्हे (३)", म्हणजे उलट, त्याचं मधलं अक्षर ल. मग नीरद गेला, अंबुद गेला, वारिद गेला, तोयद गेला, उरला जलद. शेवटचा द सगळ्यांनाच आहे, तो काही मदत करत नाही, इथे मधलं अक्षरच खरं. म्हणून अडलं की आधी हे बघायचं की आपल्या मनातले पर्याय कोणत्या अक्षरात वेगळे पडतात, आणि त्या चौकटीतून जाणारा दुसरा शब्द आधी सोडवायचा.

५०२ दादा: हे एकदम बरोबर काकू. मी इंग्रजी सोडवतो, तिथे एका चौकटीत एक सुटं अक्षर असतं, नुसता एस किंवा टी मिळाला तर फार काही हाती लागत नाही. मराठीत एका चौकटीत काना मात्रा वेलांटी जोडाक्षर सगळं एकत्र बसतं, त्यामुळे शब्द दोन ते पाच चौकटींचे आणि छोटे दिसतात पण एक चौकट भरली की माहिती खूप जास्त मिळते.

३०१ काकू: हो आणि म्हणूनच मात्रेसकट जुळलं पाहिजे. आज आडवा ११ "सूर्य (३)". पर्याय किती, आदित्य, सविता, मिहिर, भास्कर. मधल्या चौकटीतून उभा ८, "चोरटा व्यापार करणारा (३)", तो तस्कर. म्हणजे मधली चौकट स्क, झालं, भास्कर. तिथे स्का चालणार नाही, नमस्कारातला स्का वेगळा आणि तस्करातला स्क वेगळा. जोडाक्षर मिळालं की आनंद मानावा, कारण जोडाक्षर जुळणारे शब्द फार थोडे असतात, एका फटक्यात निकाल लागतो.

१०४ भाऊ: सविता तं बाईचं नाव हाय ना जी, सूर्य कसा?

१०१ आजोबा: गायत्री मंत्रात "तत्सवितुः" आहे ना, तोच सविता, सूर्यदेव. भाऊ, तुम्ही सकाळी अंबाझरीला फिरायला येता ना, तिथे सूर्यनमस्कार घालणारे बारा मंत्र म्हणतात ते ऐका. मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सविता, अर्क, भास्कर. शब्दकोड्यासाठी सूर्याची बारा नावं तिथेच तयार आहेत. दोन अक्षरी हवं असेल तर मित्र रवी भानू खग पूषा अर्क, तीन अक्षरी हवं तर मरीची आदित्य सविता भास्कर.

२०३ वहिनी: खग म्हणजे पक्षी ना पण आजोबा?

१०१ आजोबा: दोन्ही. ख म्हणजे आकाश, ग म्हणजे जाणारा. आकाशातून जातो तो पक्षी पण आणि सूर्य पण.

३०१ काकू: आणि नग म्हणजे न जाणारा, एका जागी राहतो तो पर्वत. ही ग ची शेपटी पण लिहून ठेवा.

४०४ काका: लोकहो, टाकीचा विषय मागे पडला. आणि खरं सांगायचं तर हा रिकाम्या वेळेचा उद्योग आहे, यासाठी वेगळा ग्रुप काढा

सेक्रेटरी काका: टाकीचा मेसेज पिन केला आहे. चालू द्या, आज रविवार आहे.

५०२ दादा: काका रागावू नका पण हा आक्षेप शंभर वर्षांचा जुना आहे 🙂 आजच्या पद्धतीचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरात आलं, आर्थर विन नावाच्या माणसाने केलं, हिऱ्याच्या आकाराचं होतं आणि त्याने नाव दिलं होतं वर्ड-क्रॉस, पुढे ते उलटून क्रॉसवर्ड झालं. १९२४ मध्ये तिथे याचं इतकं वेड पसरलं की न्यूयॉर्क टाइम्सने हा वेळेचा अपव्यय आहे म्हणून टीका केली, आणि त्याच पेपरने १९४२ मध्ये स्वतःचं कोडं सुरू केलं, आज त्यांचंच सगळ्यात नावाजलेलं आहे. आणि त्याच १९४२ च्या जानेवारीत लंडनच्या डेली टेलिग्राफने १२ मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा ठेवली, त्यातल्या काही जणांना नंतर ब्लेचली पार्कला बोलावलं, म्हणजे जिथे जर्मन सांकेतिक संदेश फोडायचे तिथे. शब्द फोडून बघायची सवय ही खरी कामाची गोष्ट आहे काका, मनापासून सांगतो.

४०४ काका: ब्लेचलीचं माहीत नव्हतं. बरं मग उभा १६ सांगा, "कविता रचणारा (२)", मी कवि लिहिलं तर खालून विज येतंय

३०१ काकू: काका, तुम्ही सोडवता म्हणजे! वीज बरोबरच आहे, आकाशातली असो की घरातली. तुमची दुसरी चौकट वी करा, कवी. १९६२ च्या शासनमान्य लेखन नियमांत स्पष्ट आहे की शब्दाच्या शेवटी येणारा इकार उकार मराठीत दीर्घ लिहायचा, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असला तरी. कवी, रवी, गुरू, शत्रू, मती. पण तोच शब्द समासात पुढे जोडला की मूळचा ऱ्हस्व परत येतो, म्हणून रवी पण रविवार, गुरू पण गुरुवार, कवी पण कविराज. त्यामुळे क्ल्यू "सूर्य (२)" असेल तर चौकटीत वी, खाली वीज वीट वीर बसेल, आणि "सुट्टीचा दिवस (४)" असेल तर वि, खाली विडा विमा विष बसेल. मला तर शुद्धलेखन शिकवायला यापेक्षा चांगली वही माहीत नाही, चुकलं तर लाल शाई लागत नाही, दुसरा शब्दच बसत नाही. काही कोडेकार ऱ्हस्वदीर्घाची सूट घेतात ते मला अजिबात पटत नाही, सोडवणाऱ्याने मग विश्वास कशावर ठेवायचा?

२०३ वहिनी: १००% सहमत काकू. मागे एका ठिकाणी आडव्यात पाणि आणि उभ्यात पाणी एकाच चौकटीत धरलं होतं, अर्धा तास गेला माझा

पिंटू ४०१: उभा १८ पण सांगा ना, "इडलीसोबतचं कालवण (३)" सांबार लिहिलं मी

१०१ आजोबा: बरोबर. पण हे पुण्यामुंबईकडच्या हिशोबाने. आपल्याकडे कोड्यात "हिरवी पाने, वडीत घालतात (३)" असं आलं तरी उत्तर सांबारच. कोथिंबिरीला आपण सांबारच म्हणतो, सांबारवडी खातो, पण विदर्भातला शब्द कोड्यात सहसा सापडत नाही. मला याची खंत वाटते. इथले शब्द घेऊन कोणीतरी कोडं करायला पाहिजे.

५०२ दादा: आपणच करू ना आजोबा. आणि नुसते समानार्थी नको, इंग्रजीत क्रिप्टिक क्ल्यू असतात तसे करू. त्याची रीत सांगतो, क्ल्यूच्या एका टोकाला, सुरुवातीला किंवा शेवटी, सरळ अर्थ असतो, आणि उरलेल्या भागात शब्द कसा बनवायचा त्याची युक्ती असते, म्हणजे उत्तराला दोन बाजूंनी पुरावा. वाक्य वाचून जे चित्र डोळ्यासमोर येतं ते विसरायचं आणि शब्द सुटे करून बघायचे. उदाहरण देतो, "उलटी वाहणारी नदी गरीब (२)"

पिंटू ४०१: नाग नदी??

५०२ दादा: नाही. न-दी उलटं वाच

पिंटू ४०१: दीन!! दीन म्हणजे गरीब 😮😮

५०२ दादा: हेच. "उलटी वाहणारी" ही युक्तीची खूण, "गरीब" हा सरळ अर्थ. मराठीत मात्रा अक्षराला चिकटून राहते म्हणून दी चा दी च राहतो, दि होत नाही, हे काकूंच्या नियमाला धरून आहे. अजून एक, "मका उलटा केला की उद्योग (२)"

२०३ वहिनी: काम! म-का, का-म

३०१ काकू: वा, सुंदर. आणि शब्दात लपलेला शब्द पण करता येईल ना? सलग अक्षरं उचलायची. आपल्या नागपूरच्या जागा घेऊन बघा. मी देते, "महालमध्ये लपलेले कष्ट (२)"

४०४ काका: हाल. म-हा-ल मधला हाल. हे आवडलं

पिंटू ४०१: मी पण करतो. "सदरमध्ये आतला भाव (२)" उत्तर दर

३०१ काकू: शाब्बास, पण उत्तर लगेच नको टाकू रे, निदान दहा मिनिटं थांब. तुझा क्ल्यू मात्र चोख आहे, भाव म्हणजे दर हा अर्थ शेवटी आहे आणि "मध्ये आतला" ही खूण आहे.

१०१ आजोबा: घ्या माझा. "अजनी स्टेशनात दडलेली संत कवयित्री (२)"

२०३ वहिनी: जनी!! अ-ज-नी. नामदेवांच्या घरची जनाबाई. आजोबा हे तर अप्रतिम आहे, मी रोज अजनीवरून जाते, कधी दिसलं नाही

सेक्रेटरी काका: मग असं ठरवू या का, सकाळी कोणी भरलेला फोटो टाकायचा नाही. अडलं तर फक्त क्ल्यू आणि मिळालेली अक्षरं टाका, बाकीच्यांनी इशारा द्या. पूर्ण उत्तरं रात्री ८ नंतर, आणि प्रत्येक अवघड उत्तरासोबत एक ओळ उकल. पिंटू, हे काम तुझ्याकडे.

पिंटू ४०१: डन काका. उकल मी काकूंना विचारून लिहीन

३०१ काकू: आधी स्वतः लिही, मग मला दाखव. आणि जुना किंवा वेगळा शब्द आला तर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही नेटवर फुकट शोधता येतात, तिथे अर्थ बघायचा, उत्तर सांगणाऱ्या ॲपला नाही विचारायचं.

१०४ भाऊ: मी पण एक बनवला काकू, दुकानात बसल्या बसल्या सुचला. "इतवारीत दडलेलं भाकरीचं साधन (२)". चालन का? इतवारीत असं त लावलं तं चालते ना?

५०२ दादा: चालतं भाऊ, लपलेली अक्षरं सलग असली की बस, आधी नंतर काहीही असू दे. इ-त-वा-री-त, मधली दोन. "दडलेलं" ही खूण पण बरोबर जागी आहे आणि अर्थ शेवटी. एक अक्षर फालतू नाही.

४०४ काका: तवा. भाऊ, पहिल्याच दिवशी असा क्ल्यू! अजून टाका, मी मोकळा आहे संध्याकाळपर्यंत