उपासनेत देव ‘जाणवला’ नाही, तर तो तिथे नव्हता का?

एम्माऊसवाट (धागाकर्ता)

उपासना सुटली की दारात हमखास ऐकू येतं, “आज काय समक्षता होती!”, म्हणजे देव जवळ असल्याचं किती जाणवलं. पुढच्या रविवारी तीच माणसं गप्प, कारण गाणारे दुसरे होते. मग आदल्या रविवारी देव आला होता आणि या रविवारी त्याने दांडी मारली, असं समजायचं का?

माझं मत असं की समक्षता वचनावर उभी आहे, आपल्या वाटण्यावर नव्हे. मत्तय 18:20 मध्ये दोघे-तिघे माझ्या नावाने जमले तिथे मी आहे, असं येशू म्हणतो. ‘त्यांना तसं वाटलं तर’ अशी अट घालत नाही. इस्राएलांचा पूर्वज याकोब बेथेल या ठिकाणी धोंडा उशाला घेऊन झोपला आणि उठल्यावर म्हणाला, परमेश्वर इथे आहे आणि मला ठाऊकच नव्हतं. एम्माऊस गावच्या वाटेवरचे दोघे शिष्य पुन्हा उठलेल्या येशूसोबत चालत होते, त्यांचं अंतःकरण पेटलं होतं, तरी ओळख पटली ती भाकर मोडताना. अंतःकरण पेटल्याचं लक्षात आलं तेही त्यानंतर.

उलट कर्मेल डोंगरावर बआल या दुसऱ्या दैवताचे 450 संदेष्टे त्याने उत्तर द्यावं म्हणून सकाळपासून ओरडले, नाचले, अंगावर वार करून घेतले. जोशात त्या दिवशी त्यांचा हात कुणी धरला नसता. उत्तर मात्र आलं नाही.

हालेलुया_रोज

हा सूर नेहमी त्यांचाच असतो ज्यांना टाळी वाजवायची लाज वाटते.

तुम्ही सोयीची वचनं उचललीत, आता माझी घ्या. 2 राजे 3 मध्ये संदेष्टा अलीशा आधी वाजवणारा मागवतो. तो वाजवू लागला तेव्हा परमेश्वराचा हात अलीशावर आला. 2 इतिहास 5 मध्ये गाणारे आणि कर्णे वाजवणारे एकसुरात स्तुती करू लागले तेव्हा मंदिर मेघाने असं भरलं की याजकांना उभं राहता येईना. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, लोकांना वाटलं हे दारू प्यालेत. तुमच्या हिशोबाने पेत्राने त्यांना आधी शांत बसवायला हवं होतं!

एम्माऊसवाट

त्याच राजांच्या पुस्तकात संदेष्टा एलीया होरेब डोंगरावर उभा आहे. वारा, भूकंप, अग्नी, सगळं होऊन गेलं आणि परमेश्वर त्यांत नव्हता. नंतर मंद वाणी आली. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांचंच पाहा. 24 मे 1738 ला लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत अंतःकरणात ऊब दाटल्याचं ते लिहितात. तिथे काय चाललं होतं? बायबलमधल्या रोमकरांस पत्राला धर्मसुधारक लूथरने लिहिलेल्या प्रस्तावनेचं वाचन. इतकं रुक्ष.

हालेलुया_रोज

अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच दुपारी वेस्ली सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये गेले होते आणि तिथे 130 वं स्तोत्र गायलं गेलं, ‘खोल स्थळांतून मी तुझा धावा करतो’. त्यांच्याच दैनंदिनीत आहे. माती दुपारी गाण्याने भिजली आणि बी संध्याकाळी पडलं, असं मी म्हणेन.

पॅडवाला

दोघांच्याही मध्ये पडतो. मी स्तुतीच्या पथकात कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे स्वयंपाकघरातून बोलतोय.

प्रार्थना सुरू झाली की पॅडचा, म्हणजे कीबोर्डवरचा धरून ठेवलेला, लांबट आवाज लावायचा. षड्ज आणि पंचम धरून ठेवायचे, गांधार सोडून द्यायचा. मग तो सूर ना आनंदी लागतो ना दुःखी, आणि ऐकणारा त्यात स्वतःचं काहीही भरू शकतो. ड्रम थांबतात, धृपद दबक्या आवाजात दोनदा होतं, नंतर सगळी वाद्यं एकदम. लोक कुठे रडतील हे मी सरावाच्या दिवशीच सांगू शकतो.

म्हणून देव तिथे नसतो, असं मी म्हणत नाही. अलीशासाठी वाजवणाऱ्यालाही सूर लावायचं कसब असणारच. पण नेमक्या त्याच जागी “आता आत्मा उतरतो आहे” अशी घोषणा झाली की माझी बोटं जड होतात, कारण ती जागा आम्ही गुरुवारी ठरवलेली असते. प्राचीन मंडळीतला संत ऑगस्टीन, त्यालाही हा काटा टोचत होता. गाण्यातल्या अर्थापेक्षा गाणंच जास्त हलवून गेलं तर ते पाप, असं त्याने आत्मकथनाच्या दहाव्या भागात लिहिलंय. आणि तिथेच मंडळीतल्या गायनाने आपल्याला रडवलं होतं हे आठवून गाण्याच्या बाजूने कौलही दिलाय. त्याच्याने सुटलं नाही, आपल्याने काय सुटणार!

चिकित्सक

मी श्रद्धावान नाही, पण पॅडवाल्यांनी माझं काम सोपं केलं. हजार माणसं एका लयीत गायली की अंगावर काटा येतो. क्रिकेटच्या मैदानातही येतो. तिथे कोण उतरतं?

हालेलुया_रोज

काटा हा पुरावा नाही, कबूल. 1746 मध्ये अमेरिकेतले धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी धार्मिक भावनांवर अख्खा ग्रंथ लिहिला. श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या संजीवनाच्या सभांमध्ये लोक थरथरताना, कोसळताना त्यांनी पाहिले होते. त्यांचं म्हणणं, शरीरावर परिणाम झाला म्हणून ते देवाकडून आलं असंही नाही, आणि म्हणून ते खोटं असंही नाही. नंतरचं आचरण पाहा. मैदानातून घरी गेल्यावर कुणी वैऱ्याची माफी मागतो का?

चिकित्सक

माफी आम्हीही मागतो, पॅडशिवाय.

मिस्सावाली

हा वाद प्रोटेस्टंट घरातला आहे म्हणून इतका लांबला. आम्हा कॅथलिकांसाठी वेदीवर ख्रिस्त खरोखर उपस्थित आहे. 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेने आणि पुढे ट्रेंटच्या परिषदेने ते सांगून ठेवलंय. फादरांचा आवाज चिरका असो, प्रवचन कंटाळवाणं असो, माझं लक्ष दाराकडे असो. अर्पणात त्याने उणं-अधिक होत नाही. यात केवढी सुटका आहे!

हालेलुया_रोज

ताई, मग 1967 मध्ये पिट्सबर्गच्या डुकेन विद्यापीठातल्या कॅथलिक विद्यार्थ्यांना पवित्र आत्म्याच्या अनुभवाची ओढ का लागली? आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी तुमची करिष्माई चळवळ तिथूनच सुरू झाली ना?

मिस्सावाली

हो, आणि मीही त्या सभांना जाते. भूक लागणं वेगळं आणि ताटात अन्न असणं वेगळं. मी अन्नाबद्दल बोलत होते.

मागचा बाक

बरीच वर्षं मला उपासनेत काही जाणवत नाही. येतो, गातो, प्रभुभोजन घेतो. समोरून विचारतात, “तो इथे आहे, जाणवतंय ना? हात वर करा.” मी हात वर करतो. खोटं बोलणं म्हणजे याहून वेगळं काय, मला माहीत नाही.

सांत्वन करणारे मदर तेरेसांचं नाव घेतात. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांत काही दशकांचा अंधार दिसतो, खरं आहे. पण मी संत नाही, आणि माझा कोरडेपणा मला पवित्र वाटत नाही.

आता धागाकर्त्यांना. “वचन आहे, वाटण्याचं काय” हे ज्याला अधूनमधून वाटतं त्याला म्हणायला सोपं. इस्राएलाच्या स्तवनांवर देव विराजमान आहे, हे स्तोत्र 22 चं तिसरं वचन स्तुतीच्या आधी सर्रास म्हणतात. त्याच स्तोत्राचं पहिलं वचन आहे, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ते उत्साहाच्या सभेत कुणी म्हणत नाही, आणि तुमच्यासारख्यांच्या शांत सभेतही नाही. स्तोत्रकर्ता ‘वचन आहे ना’ म्हणून मुकाट बसला नव्हता. तो देवाच्या तोंडावर तक्रार करत होता. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही, आणि तरीही ते उपासनेच्या गीतसंग्रहात आहे. मला अनुभव नको, स्पष्टीकरणही नको. ती तक्रार सगळ्यांसोबत मोठ्याने म्हणायला पाच मिनिटं द्या.

एम्माऊसवाट

पाच मिनिटं रास्त आहेत. पण आधी प्रार्थनेखालचा पॅड बंद करा. नाहीतर 88 वं स्तोत्रही गोड करून टाकाल.

पॅडवाला

मला चालेल. त्या वेळी मी पाणी पिऊन येईन.

हालेलुया_रोज

पॅड बंद, ठीक. मग प्रवचनात शेवटचं वाक्य हळू आवाजात तीनदा म्हणणंही बंद. तोही पॅडच आहे, फक्त तोंडाने वाजवलेला.