नवरी 'गोरी कर' म्हणते, काय करू?

पार्लरवाली, आर्णी तालुका
खेड्यात माझं दहा बाय दहाचं पार्लर आहे. मे महिन्यातल्या लग्नाची एक ऑर्डर आली. पोरगी सावळी, नाकीडोळी झकास. उलंगवाडी होईपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत कापूस वेचते, त्यामुळं हात तोंडापेक्षाही काळे, बोटं पराटीनं (कापसाच्या झाडानं) खरचटलेली. तिनं मोबाइल पुढं केला. कियारा अडवाणीचा २०२३ मधल्या लग्नातला फोटो. गुलाबी लेहंगा अन् केलाच नाही असा वाटणारा मेकअप. "ताई, मले अस्संच पाह्यजे. अन् गोरी कर."

ह्या दोन गोष्टी एका तोंडावर कशा बसवू? दोन शेड वर, म्हणजे उजळ, गेलं की तोंड राख फासल्यासारखं दिसते. हार घालताना हात तर फोटोत येतेच. त्यात मांडवात ४५ डिग्री. जैसलमेरचं ते लग्न फेब्रुवारीतलं होतं बापा! नाही म्हटलं तर ती यवतमाळले जाईल, माझे साडेतीन हजार गेले.

अमरावतीची मेकअपवाली
शेड वर नेऊच नको. तोंडाभोवतीच्या काळपटपणाला नारंगी करेक्टर, वरून तिच्याच रंगाचं फाउंडेशन, पातळ. शेड ट्यूबलाइटखाली नको, बाहेर ओट्यावर पाहा. ओठाला फिकट गुलाबी पांढरट दिसते, विटकरी घे.

सिस्टर, उपकेंद्र
मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय क्रीम आणून लावते काय, ते आधी विचार. बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड. थोडे दिवस उजळ दिसतं, मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते. सोडल्यावर पुरळ येतं. चर्मरोगाच्या डॉक्टरला दाखवा.

एक काका
आमच्या वेळी हळद लावली की झालं. हे सगळं मोबाइलनं शिकवलं.

पार्लरवाली, आर्णी तालुका
काका, हळदही उजळावं म्हणूनच लावत होते ना? कंपनीनं २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' टाकलं, पण आपल्या बायोडाट्यात सावळी पोरगी अजूनही 'निमगोरी'च असते. मोबाइल नव्हता तेव्हाही होती.

सिस्टर, क्रीम निघाली. मायलेकी दोघी एकाच ट्यूबमधली लावतात. सोमवारी दोघींनाही यवतमाळले नेते.

काल ट्रायल घेतली. अर्धं तोंड तिच्या रंगाचं, अर्धं दोन शेड वर. ओट्यावर फोटो काढून दिला. लय वेळ पाहत बसली. मग आपल्या रंगाच्या बाजूवर बोट ठेवून म्हणे, "हे माह्यं वाटते. पण सासूले दुसरं आवडन."

सासूलेच ट्रायलले बोलावू काय?