मदत हवी आहे: श्रावणातला दुसरा सोमवार विमानात गेला कुठे?

दिग्रस तालुक्यातल्या खेड्यात राहतो, शेती करतो. बारावीपर्यंतचा भूगोल आईच्या प्रश्नाला पुरेना, म्हणून इथे विचारतोय.

धाकट्या बहिणीचं लग्न गेल्या वर्षी झालं. ती सॅन फ्रान्सिस्कोला होती, आता जावयांची बदली न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये झाली. रविवारी रात्री 10 वाजता त्यांचं विमान सुटलं, 13 तास उडालं आणि ऑकलंडला उतरलं तेव्हा तिथे मंगळवारचे पहाटे 6 वाजले होते. पोरीनं पाच वर्षांची शिवामूठ धरलेली. पहिल्या सोमवारी तांदूळ वाहिले, दुसऱ्या सोमवारी तीळ वाहायचे होते, तर सोमवारच नाही! मंगळागौर मात्र दारात हजर.

आई म्हणते, "रविवारी निंघाली, मंगळवारी पोचली. मंग सोमवार गेला कुठी बाप्पा? इमानानं गिळला काय?"

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की तारीख बदलते, एवढं मला ठाऊक आहे. पण "बदलते" म्हटल्यानं तिचं समाधान होत नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही होत नाही. 13 तासांत अख्खा दिवस कसा जातो? तिच्या गळी उतरेल असं कोणी सांगेल का?

प्रतिसाद 1

आधी आईंना हे सांगा की लेक विमानात होती तेव्हा तुमच्या गावात सोमवारच होता. तिकडचे रविवार रात्रीचे 10 म्हणजे आपले सोमवार सकाळचे साडेदहा, आणि ती उतरली तेव्हा आपल्याकडे सोमवार रात्रीचे साडेअकरा. तुमच्या आईनं महादेवाला बेल वाहिला तेव्हा लेक पॅसिफिकवर उडत होती.

आता हिशेब. पृथ्वी 15 अंश फिरायला एक तास घेते, म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्यानं दर 15 अंशांना घड्याळ तासभर मागे घ्यायचं. बहिणीचं घड्याळ भारतातून अमेरिकेला जाताना साडेबारा तास मागे गेलं (तिथली उन्हाळी वेळ धरून). सॅन फ्रान्सिस्को ते ऑकलंड सूर्याच्या हिशेबानं आणखी 5 तास मागे. ऑकलंडहून माहेरी येईल तेव्हा साडेसहा तास मागे. बेरीज करा: बरोबर 24. म्हणजे जर तारीख कुठेच बदलली नाही, तर पृथ्वीप्रदक्षिणा करून घरी पोचेपर्यंत ती तुमच्यापेक्षा एक दिवस मागे राहील. जहाजानं पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या मॅगेलनच्या ताफ्यातली उरलेली माणसं 1522 मध्ये परतताना आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवर पोचली तेव्हा हेच झालं. त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता, किनाऱ्यावर गुरुवार.

दुकानातून वर्षभर थोडी थोडी उधारी उचलायची आणि कापूस विकला की सगळी एकदम चुकती करायची, तसं आहे हे. जास्तीचे तास तुकड्या-तुकड्यानं मिळतात, वाररेषा ते 24 तास एकरकमी घेते. आयुष्यातलं मिनिटही कमी झालेलं नाही.

प्रतिसाद 2

वरचा हिशेब बरोबर. मी पंचांगाच्या अंगानं बोलतो. आपला वार मध्यरात्री नाही, सूर्योदयाला सुरू होतो. ही मंडळी रात्री निघाली, अंधाराबरोबरच पश्चिमेला गेली. वाटेत मध्यरात्र होऊन घड्याळी सोमवार लागला, पण उतरायच्या आधी रेषा आली आणि तो मंगळवार झाला. ऑगस्टात ऑकलंडला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे त्यांनी सोमवारचा सूर्योदय पाहिलाच नाही. पंचांगानं बघितलं तरी वार नाहीच.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. उधारी आईला लगेच कळली. म्हणाली, "मंग ते रेषा कोनं आखली? देवानं त नाई आखली." आता याला काय सांगू?

प्रतिसाद 3

आई बरोबर बोलल्या. माणसांनीच आखली, आणि सोयीनुसार वाकवली. साधारण 180 अंश रेखावृत्तावरून जाते, पण बेटांचे देश दोन वारांत चिरले जाऊ नयेत म्हणून वळणं घेते. सामोआ देशानं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून 2011 मध्ये बाजूच बदलली. तिथे 29 डिसेंबरच्या गुरुवारनंतर थेट 31 तारखेचा शनिवार उजाडला, साऱ्या देशाचा शुक्रवार गेला. आणि धर्माचा पेच फक्त तुमच्याच घरी नाही. टोंगा 180 अंशांच्या पूर्वेला आहे, पण तारीख पश्चिमेकडची पाळतो. शनिवारला पवित्र मानणारे तिथले ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती सरकारी रेषा मानत नाहीत, त्यामुळे त्यांचा शनिवार तिथल्या कॅलेंडरातल्या रविवारी येतो.

तिळाचं काय करायचं ते मात्र आईंनीच ठरवावं. भूगोलाला त्यात बोलायचा अधिकार नाही.

धागाकर्ता

ठरलं. येत्या सोमवारी आधी तीळ, मग मूग, दोन्ही मुठी एकाच दिवशी. आणि तो सोमवार ऑकलंडचा धरायचा, आमचा नाही. यावर घरात अर्धा तास वाद झाला, पण "जिथं पोट्टी, तिथला सूर्य" म्हणून आईनं निकाल दिला.

प्रतिसाद 1

छान! फोन करताना लक्षात ठेवा, सध्या ऑकलंड आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची उन्हाळी वेळ लागेल, मग साडेसात. तुम्ही रात्री जेवून फोन लावला तर तिची मध्यरात्र उलटलेली असेल.