‘एक कप कॉफीच ती!’ म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे मैदानावर यावं

मैदानावरचा
काल ‘हिशेबी’ यांनी लिहिलं : "एनर्जी ड्रिंकचा बागुलबुवा पुरे झाला. २५० मिलीच्या बाटलीत फार तर ७५ मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे एक कप कॉफी. कॉफी पिऊन कोणी मेलंय का?" रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

आकडा बरोबर आहे. आपल्याकडे लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीनला परवानगी आहे, त्यामुळे पाव लिटरला ७५ च येतात. पण कॉफी गरम असते, घोट घोट घेताना दहा-पंधरा मिनिटं जातात. माझ्याकडची पोलीस भरतीची पोरं पहाटे साडेचारला उपाशीपोटी थंडगार बाटली अर्ध्या मिनिटात रिकामी करतात आणि सोळाशे मीटर धावायला उभी राहतात. १४ वर्षं झाली मला तासगावकडे पोरं पळवायला. पाच मिनिटं दहा सेकंदांत सोळाशे मारलं की २० पैकी २० गुण. त्या दोन-चार सेकंदांसाठी पोरं घशाखाली काहीही घालतात.

गेल्या हिवाळ्यात एक पोरगा तिसऱ्या फेरीला छाती धरून खाली बसला. ओठ पांढरे, हात थरथरतायत, नाडी मोजायला गेलो तर मोजता येईना. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, सलाईन लावलं, संध्याकाळी घरी सोडला. डॉक्टरांनी विचारलं, झोप किती, पाणी किती, घेतलंस काय? झोप तीन तास, पाण्याचा घोट नाही, बाटल्या दोन. आणि त्याची आई म्हणाली, "मीच देते की पैसे. ताकदीचं असतं म्हणून." त्या माऊलीला ‘एनर्जी’ या शब्दानं फसवलं. अंगात ताकद येत नाही, थकवा कळायचा बंद होतो. आणि धावणाऱ्याला थकवा कळलाच पाहिजे.

हिशेबी
सर, पोरगा बरा झाला याचा आनंद आहे. पण तुमच्याच लिखाणात तीन तास झोप आणि पाणी नाही हे आहे, मग दोष एकट्या बाटलीला का? तो नुसतं पाणी पिऊन पळाला असता तरी त्या झोपेवर कोसळला असता. आता कोणी झारखंड काढेल म्हणून आधीच सांगतो. २०२४ मध्ये तिथे उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहाहून जास्त पोरं गेली. ऑगस्टच्या उकाड्यात १० किलोमीटर पळवलं होतं त्यांना. तिथे आधी धावण्याच्या नियमांना जाब विचारा. मी हिंजवडीत चार वर्षं रात्रपाळी करतो, रोज एक कॅन. दर सहा महिन्यांनी तपासणी होते, रक्तदाब १२० वर ८०.

गोळ्यांच्या काउंटरवरून
मी औषधविक्रेती आहे, म्हणून थोडं आतलं. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं, त्यामुळे झोप येते. कॅफीन त्याच्या जागा अडवतं. ॲडेनोसिन कुठे जात नाही, कॅफीन उतरलं की एकदम अंगावर येतं. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला अभ्यासासाठी घेतलेल्या बाटलीतलं निम्मं पहाटे चारला रक्तातच असतं, आणि त्यावर साडेचारला दुसरी.

२०१९ मध्ये अमेरिकेत १८ ते ४० वयाच्या ३४ निरोगी लोकांवर नीट प्रयोग झाला होता. एनर्जी ड्रिंक घेतल्यावर ईसीजीतलं क्यूटी अंतर, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाला पुढच्यासाठी सज्ज व्हायला लागणारा वेळ, सहा ते पावणेआठ मिलिसेकंदांनी वाढलं, चार तासांनीही ते टिकून होतं. रक्तदाबही वाढला. नुसत्या कॅफीननं एवढं होत नाही, बाकीच्या घटकांचा हात असावा, असं त्या संशोधकांचं म्हणणं. म्हणूनच ‘कॉफीच ती’ हे मला पटत नाही.

हिशेबी
ताई, तोच प्रयोग मीही वाचलाय. त्यांना तासाभरात जवळजवळ ९५० मिली पाजलं होतं. आपल्या पावणेचार बाटल्या! एवढं कोण पितं?

मैदानावरचा
पितात. मैदानाच्या कुंपणाखालच्या रिकाम्या बाटल्या मी रोज गोळा करतो. आणि बाटलीवरच छापलंय की दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको, लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना नको. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं आहेत.

लातूरची माय
सगळे बाटलीच्या मागे लागलात, घराघरातल्या चहाचं काय? आमच्याकडं चार वर्षाच्या लेकराला बशीत चहा ओतून त्यात चपाती बुडवून देतात. दूध परवडत नाही म्हणून चहा, आणि भूक मरते म्हणून पुन्हा चहा. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शनात लिहिलंय, १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, कारण त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. देशातल्या ५७ टक्के बायांना रक्त कमी आहे आणि आपण जेवण झालं की आधण ठेवतो. मी २२ वर्षं अंगणवाडीत काढली. पोरींच्या पापण्या ओढून बघा, पांढऱ्याफटक असतात.

टपरीवाला अण्णा
चहाला हात लावायचा नाय! माझ्या बापानं चहावर तीन पोरं शिकवली. ऊसतोडीचा गडी पहाटे तीनला फडात उतरतो, त्याला चहा नाही तर काय देणार, बदामाचं दूध? गरिबाच्या पोटाला जो आधार आहे त्यालाच नावं ठेवायची.

लातूरची माय
आधार म्हणता? चहानं भूक मेली म्हणजे पोट भरत नाही, अण्णा. त्याच फडावर कोयता चालवणारी बाई बाळंत होऊन महिन्यात परत येते. तिच्या रक्तात लोह सहा-सात असतं. मी त्या बायांचे हात धरलेत, गार असतात. तुम्ही बापाची गोष्ट सांगितली, ही माझी.

रात्रपाळीची नर्स
माय म्हणतात ते खरं आहे. लोह सहा-सात नव्हे, हिमोग्लोबिन सहा-सात, एवढीच दुरुस्ती. आमच्या वॉर्डात रोज दिसतं.

टपरीवाला अण्णा
बरं, जेवणावर लगेच नको, एवढं मानलं. पण चहाला विष म्हणू नका.

लातूरची माय
विष कुठं म्हटलं? तासभर थांबा म्हटलं. आणि लेकराला नको. एवढ्या साध्या गोष्टीला तुम्ही अंगावर आलात.

हिशेबी
बघा, चहावर एवढं बोलणं झालं आणि कोणीही चहावर बंदी मागितली नाही. बाटलीला मात्र लगेच धारेवर धरता. माझा मुद्दा तोच होता. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्येच सांगितलंय.

गोळ्यांच्या काउंटरवरून
त्याच अहवालात पुढे मुलांसाठी किलोमागे ३ मिलिग्रॅम लिहिलंय, तेही वाचा. सहावीतला पोरगा, वजन ३० किलो, मर्यादा ९०. एक बाटली ७५. वर घरचा एक कप चहा घेतला की मर्यादा ओलांडली. माझ्या दुकानासमोर शाळा सुटते. वीस रुपयांत मिळते म्हणून पोरं वर्गणी काढून घेतात. पोलंडनं २०२४ च्या जानेवारीपासून १८ वर्षांखाली विक्रीच बंद केली, लिथुआनियानं तर २०१४ मध्येच.

हिशेबी
मुलांचं मी कधीच समर्थन केलं नव्हतं. ठीक आहे, ‘एक कप कॉफी’ हे वाक्य ६५ किलोच्या माणसापुरतं खरं आहे, तसं मी लिहायला हवं होतं. पण मोठ्यांना त्यांचं ठरवू द्या. आणि सर, भरतीची पोरं १८ च्या वरची असतात.

मैदानावरचा
भरतीला १८ पूर्ण लागतात. सरावाला सोळाव्या वर्षापासून येतात. आणि १८ व्या वर्षी कुणाच्या हृदयात जन्मापासून काय दडलंय हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक असतं? तुमची दर सहा महिन्यांनी तपासणी होते. माझ्या त्या पोराची पहिली ईसीजी तो छाती धरून बसला त्या दिवशी निघाली.

हिशेबी
याला माझ्याकडे उत्तर नाही.

टपरीवाला अण्णा
२०२४ च्या जुलैत विधान परिषदेत मंत्र्यांनी सांगितलं होतं, शाळेपासून ५०० मीटरच्या आत असलं पेय विकू देणार नाही. माझ्या हातात कसला कागद आला नाही. मी एकट्यानं बंद केलं तर पोरगं पलीकडच्या पानपट्टीवर जातं, आणि तिथं गेलं की बाटलीबरोबर आणखी काय काय शिकतं. फ्रिज कंपनीचा आहे, पहिल्या दोन फळ्यांवर त्यांचाच माल ठेवायचा असतो. माझी कोंडी कुणाला दिसत नाही.

मैदानावरचा
दिसते, अण्णा. म्हणून विचारतो, गणवेशातल्या पोराला नाही म्हणता येईल का?

टपरीवाला अण्णा
गणवेशातल्याला नाही देणार. पण तेच पोरगं घरी जाऊन कपडे बदलून आलं तर?

लातूरची माय
गावात कोण कुणाचं लेकरू हे तुम्हाला ठाऊक नाही का?

टपरीवाला अण्णा
आहे ठाऊक. उद्यापासून बाटल्या खालच्या फळीत ठेवतो. कंपनीचा माणूस आला की काय सांगायचं ते बघू.