‘लँडस्केप विथ...’ मधल्या ‘विथ’चं काय करायचं?

रंगखडू: एका लेखाचा अनुवाद करतेय. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या संग्रहालयात सोळाव्या शतकातला चित्रकार योआखिम पातिनीर याचं इवलंसं चित्र आहे, जेमतेम १७ बाय २१ सेंमी. बघावं तिकडे सुळके आणि दूरवर निळा पडत गेलेला मुलूख. बाळ येशूला घेऊन निघालेले आईबाप, गाढवावरची मरीया आणि सोबत चालणारा योसेफ, शोधावे लागतात. नाव ‘लँडस्केप विथ द फ्लाइट इंटू इजिप्त’. ‘इजिप्तला पलायनासह निसर्गचित्र’ हे कानाला फार खटकतं. काय लिहावं?

घाटवाट: ‘सह’ उडवा. आणि ‘निसर्गचित्र’ कशाला? पातिनीरच्या चित्रांत गावं, शेतं, बंदरं सगळं असतं. ‘भूदृश्य’ म्हणा.

जुनीवही: भूदृश्य म्हटलं की भूगोलाचा धडा आठवतो! आमचे चित्रकलेचे सर ‘देखावा’च म्हणायचे. गणपतीतला देखावा बघा, डोंगर-धबधब्यात एखादा प्रसंग मांडलेला असतोच. ‘इजिप्तच्या वाटेवर : देखावा’. ‘विथ’ लागतच नाही.

घाटवाट: देखावा म्हणजे ढोंगही. संग्रहालयात हा शब्द नको. शिवाय जर्मन चित्रकार ड्युररने १५२१च्या रोजनिशीत पातिनीरला ‘चांगला लँडस्केप-चित्रकार’ म्हटलंय. तेव्हा मान मुलखालाच हवा, प्रसंगाला नव्हे.

जुनीवही: प्रसंग इतका दुय्यम असता, तर माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या संत अँथनीच्या चित्रात माणसं रंगवायला क्विंटेन मासिससारखा मातब्बर चित्रकार कशाला घेतला असता? तिथे मागचा मुलूख तेवढा पातिनीरचा.

तांबडीमाती: आधी ‘पलायन’ काढा. पलायन तुरुंगातून होतं. इथे हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठलाय, आईबाप त्याला वाचवायला निघालेत. आमच्या बायबलात ‘मिसर देशास पळून जा’ असं साधं आहे. आजी कधी ‘इजिप्त’ म्हणाली नाही.

घाटवाट: मग ‘निर्गमन’?

तांबडीमाती: अहो, बायबलात ‘निर्गम’ मोशेचा! तिथे लोक मिसरातून बाहेर पडतात, इथे मिसरात चाललेत.

रंगखडू: ‘मिसर’ वाचकांना कळेल?

जुनीवही: का नाही? हिंदीत खडीसाखरेला मिस्री म्हणतात, ते मिसरावरूनच.

घाटवाट: आपल्याकडे मिश्री म्हणजे दात घासायची, तंबाखूची. तीही मिसरातून आली म्हणायची का?

जुनीवही: ती वेगळी, ‘मिस्सी’वरून आलेली. दातांना लावायची पूड.

तांबडीमाती: आमच्याकडे तिला मशेरी म्हणतात. तव्यावर भाजून करतात.