लाउटरब्रुनेन वीस मिनिटं. फर्स्ट क्लास कशाला?

खिडकीवाली

काल सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पुढे ढकललेली एक पोस्ट आली. सार असं: स्वित्झर्लंडला आयुष्यात एकदाच जाणार, तर ट्रॅव्हल पास फर्स्ट क्लासचाच काढा, सेकंडमध्ये बसून आल्प्स बघायचे असतील तर माथेरानला जा. खाली सतरा अंगठे. अठरावा आमच्या घरातून गेला, म्हणून हा प्रपंच.

मे महिन्यात आम्ही चाललोय. आम्ही दोघं, सासरे (७१) आणि दोन पोरं. पोरांचं फॅमिली कार्डावर फुकट, म्हणजे प्रश्न तीन पासांचा. फर्स्टचा पास सेकंडच्या दीडपटीहून जास्त पडतो. ही रक्कम कशाची, ते मला कुणीतरी समजावून सांगा. गाडी तीच, रूळ तेच, पोचायची वेळ सेकंदाला सेकंद तीच. सेकंडला दोन-दोन खुर्च्या, फर्स्टला दोन आणि एक. म्हणजे शेजारचं एक कोपर कमी. एका कोपराचे एवढे पैसे?

आणि आपण बसणार किती वेळ? इंटरलाकेन ते लाउटरब्रुनेन वीस मिनिटं. एवढ्यात आमच्याकडे रिक्षा सिग्नल पार करत नाही. झुरिक ते लुझर्न पाऊण तासाच्या आसपास, बर्न ते इंटरलाकेन पन्नासेक मिनिटं. २०१८ ला आम्ही दोघंच गेलो होतो, सेकंडच्या पासावर. आठ दिवसांत एकदाही उभं राहावं लागलं नाही. लाउटरब्रुनेनच्या गाडीत समोर एक आजोबा बुटांसकट स्की हातात धरून बसले होते, टपाटप पाणी गळत होतं माझ्या पायावर. तेवढाच काय तो त्रास. डोंगर पूर्ण दिसला.

मुख्य गंमत पुढे आहे. लाउटरब्रुनेनहून वेंगेन, क्लायने शायडेग, तिथून वर युंगफ्राउयोख, या दातेरी रुळांच्या गाड्यांत फर्स्ट क्लास नाहीच. ज्या प्रवासासाठी लोक तिकडे जातात तिथे फर्स्टवाले आणि मी एकाच बाकावर. मग तो जादाचा पैसा खाली सपाटीवर बसायला?

---

गणिती_गोट्या

हिशेब सोयीस्कर मांडलाय. वीस मिनिटं धरून भांडताय, पण पास दिवसाचा असतो. वीस मिनिटं जायला, वीस यायला, मधे एक तळं, संध्याकाळी हौस म्हणून बर्न. दिवसाला तीन-चार तास सहज गाडीत जातात. आठ दिवसांचे किती झाले? फरकाच्या रकमेला त्या तासांनी भागा, मग बोला. हॉटेलच्या खोलीत तुम्ही जेमतेम झोपायला जाता, तिथे बाल्कनी हवी म्हणून जादा मोजताच ना?

---

खिडकीवाली

बाल्कनी घेतलेली नाही. पार्किंगकडची खोली आहे.

---

आल्प्सआत्या

बारा वर्षं झुरिकजवळ राहते म्हणून थोडं बोलते. दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

गर्दी ही वेळेची असते, वर्गाची नाही. सकाळी सातची झुरिक-बर्न गाडी पकडाल तर सेकंडमध्ये जिन्यावर बसाल. पण सुट्टीवर आलेला मराठी माणूस सातच्या गाडीला कधी दिसलाय? नाश्ता आटपून, डब्यात चार सँडविचेस लपवून तो दहाला स्टेशनवर येतो. तोवर इथली जनता कामावर गेलेली असते. दहाच्या गाडीत सेकंडमध्ये पाय पसरून बसा.

पोरं आहेत म्हणून खास सांगते. दुमजली इंटरसिटीत वरच्या मजल्यावर मुलांचा खेळायचा डबा असतो, घसरगुंडी वगैरे. तो सेकंडचा असतो. माझ्या नणंदेने फर्स्टचे पास काढले आणि तिची मुलं सगळा प्रवास सेकंडमध्ये होती. मग तिलाही तिथेच बसावं लागलं.

आता दुसरी बाजू. लुझर्न-इंटरलाकेनच्या गाडीत फर्स्टला मोठ्या काचांचा पॅनोरामा डबा असतो. दोन तासांना थोडं कमी, आणि वाट अशी की मान दुखेल. तिथे मी स्वतः फर्स्ट काढते. इतरत्र नाही.

---

तुसडा_पाहुणा

सगळे खुर्च्या मोजत बसलेत, खरं कोणी बोलत नाही. मी दरवेळी फर्स्ट घेतो, आणि ते खिडकीसाठी नाही. मे महिन्यात इंटरलाकेनच्या सेकंड क्लासमध्ये आपलेच लोक असतात. ठेपल्याचा डबा उघडला जातो, लोणच्याचा वास अख्ख्या डब्यात. एकजण व्हिडिओ कॉलवर गावाला डोंगर दाखवतो, तोही स्पीकरवर. चार ओळी पलीकडून "अहो, कॅमेरा कुठाय?" फर्स्टमध्ये शांतता असते. तिचे पैसे देतो. राग आला तर येऊ दे.

---

डोंबिवलीकर७३

राग नाही आला हो, ओळख पटली. तुम्ही आमच्या ८.२४ च्या फर्स्टमधले.

सव्वीस वर्षं लोकलने गेलो. पहिली चौदा सेकंडने, मग साहेब झालो म्हणून फर्स्टचा पास. फर्स्टमध्येही उभाच होतो, घामही तोच. फरक एकच. सेकंडमध्ये "जरा सरका" म्हटलं की शिव्या देत का होईना, माणूस चौथी सीट देतो. फर्स्टमध्ये "जरा सरका" म्हटलं की समोरचा आधी तुमच्या चपला बघतो. मे २०२२ मध्ये फर्स्टचं एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं, तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या एकाचं पहिलं वाक्य होतं, "आता कोणीही चढेल." पास तेवढ्याच किमतीचा राहिला होता. म्हणजे त्याच्या खिशाला छदामही लागला नव्हता, दुखत होतं वेगळंच काही.

तेव्हा कोपराबिपराचं सोडा. फर्स्टचं तिकीट दुसऱ्या माणसापासून लांब बसायला काढतात. तुसडेसाहेब निदान खरं बोलले.

---

तुसडा_पाहुणा

लोकल आणि स्विस रेल्वे एका तागडीत? धन्य आहे.

---

बाणकोटी

तागडी एकच आहे. आपल्याकडे तिसरा वर्ग १९७४ ला गेला, म्हणजे डब्यावरची पाटी बदलली, खालची फळी तीच राहिली. त्या फळीवर दोन इंच फोम आला तो मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर, १९७७ नंतर. आमच्या राजापूरचे खासदार. वरच्याला खाली ओढायचं नाही, खालचा बसण्याजोगा करायचा, हा त्यांचा हिशेब. मुंबई-हावडा गीतांजली सुरू केली तीही वर्गाविना. माझे वडील त्या फोमवर पहिल्यांदा झोपले आणि घरी आल्यावर आठवडाभर तेच सांगत होते. कलकत्त्याबद्दल एक अक्षर नाही.

युरोपातही १९५६ पर्यंत तिसरा वर्ग होता बरं का. तो काढला आणि जुन्या तिसऱ्यालाच दुसरा म्हणायला लागले. पण नंतर त्या दुसऱ्यावर त्यांनी खर्च केला. स्वित्झर्लंडच्या सेकंडमध्ये गादी आहे, उजेड आहे, संडास बरा आहे. तिथे फर्स्ट काढायची गरज वाटत नाही, यातच त्या रेल्वेचं कौतुक आहे. लोणच्याचा वास येतो म्हणून वरच्या वर्गात जाणाऱ्याला हे कळायचं नाही.

---

तुसडा_पाहुणा

आला समाजवाद. मी माझ्या पैशाने बसतो, कोणाच्या फोमवर नाही. आणि शांतता मागणं म्हणजे गुन्हा नव्हे. तिथे काही गाड्यांत शांततेचा वेगळा विभाग असतो, तोही फर्स्टमध्येच. म्हणजे खुद्द स्विस लोकांनाही कळलंय.

---

पोळीभाजी_एक्सप्रेस

ठेपल्यावर कोण घसरलं ते बघायला आले. एका फ्रँकचे किती रुपये होतात माहितीये ना? चौघांचं स्टेशनवरचं जेवण म्हणजे इथला महिन्याचा किराणा. आम्ही दशम्या आणि तिळाची चटणी नेली होती, डब्यात बसून खाल्ली, खाली कागद अंथरून, उठताना पुसून. समोरच्या बाईंनी चटणी मागून घेतली आणि नंतर त्यांच्या सॉसेजचा वास अर्धा तास आम्ही सहन केला. सॉसेजला कोणी फर्स्ट क्लास मागत नाही. आपल्या माणसाच्या डब्याची आपल्यालाच लाज, बाकी काही नाही.

---

तुसडा_पाहुणा

लाज नाही हो. डोकं दुखतं. आवाजाचा मुद्दा सोयीने गाळलात.

---

पोळीभाजी_एक्सप्रेस

आवाजाचं मान्य. आमचे हे फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरजच नसते.

---

फसलेला_फिरस्ता

मला कोणी विचारत नाही पण सांगतो. एका टूर कंपनीने "फर्स्ट क्लास स्विस रेल अनुभव" म्हणून माझ्याकडून जादा पैसे घेतले. प्रत्यक्षात सहा दिवस बस. रेल्वे एकदा, अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत आमचा गाइड माणसं मोजत होता. तेव्हा कुठला वर्ग यापेक्षा गाडीत बसायला मिळणार आहे का, ते आधी लेखी घ्या.

---

गणिती_गोट्या

धागा कुठून कुठे गेला. ७१ वर्षांच्या माणसाबद्दल कोणी बोलेल का? माझ्या आईचे गुडघे गेलेत. २०२३ ला आम्ही सेकंडने फिरलो. भर गर्दीच्या वेळी एकदा लुझर्नहून निघालो, आई दाराजवळच्या घडीच्या खुर्चीवर बसली आणि प्रत्येक स्टेशनला उठत राहिली, लोकांना वाट द्यायला. काही बोलली नाही. हॉटेलवर आल्यावर बाम मागितला. त्या रात्री मला तुमचं ते एक कोपर फार स्वस्त वाटलं.

---

खिडकीवाली

हे मात्र लागलं. सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "मी एसटीने पंढरपूरला उभा गेलोय, मला काय विचारतेस?" मग पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "खिडकी मिळेल ना पण?"

---

आल्प्सआत्या

मिळेल. गोट्या, तुमच्या आईंसाठी वाईट वाटलं, पण पुढच्या वेळी पाचनंतर लुझर्न सोडू नका. आणि सगळ्या सहलीचा वर्ग बदलायची गरजच नसते. सेकंडच्या पासावर हव्या त्या एकाच टप्प्यासाठी फरक भरून फर्स्टमध्ये बसता येतं, ॲपवरही होतं. बिनफरकाचे चुकून बसू नका, दाराशेजारी मोठा १ असतो आणि वर पिवळी पट्टी. माझे काका पट्टी न बघता शिरले आणि तिकीट तपासनीस बाईंनी त्यांना हाताला धरून, अगदी प्रेमाने, सगळ्या डब्यासमोर शेजारच्या डब्यात नेऊन बसवलं.

आणि बोट. बोटीचं कोणीच बोललं नाही! पासावर लुझर्नच्या तळ्यातल्या बोटी चालतात, थुन आणि ब्रिएन्झच्याही. तिथे वरचा डेक फर्स्टचा. सेकंडवाले खाली. जुन्या चाकाच्या आगबोटींवर तर वर बसण्यासारखं सुख नाही. गाडीत खिडकी सगळ्यांना सारखी, बोटीत नाही.

---

तुसडा_पाहुणा

हेच मी म्हणत होतो.

---

डोंबिवलीकर७३

तुम्ही लोणच्याचं म्हणत होतात.

---

खिडकीवाली

बरं बाबा. बोटीत वरचा डेक फर्स्टचा, हे त्या सतरा अंगठेवाल्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं, तुसडेसाहेबांनाही आत्ता कळलं, पण श्रेय घेऊ द्या त्यांना. ठरलं ते असं: पास सेकंडचेच. लुझर्नच्या बोटीला एक दिवस तिघांचा फरक भरणार. लुझर्न-इंटरलाकेनला फक्त सासऱ्यांचा भरू का, या विचारात आहे, पण मग त्यांच्याबरोबर बसायला कोण जाणार यावरून घरात भांडण होईल. आमचे अठरावे आत्ताच तयार आहेत.

---

आल्प्सआत्या

सगळे सेकंडमध्येच बसा, लुझर्नहून निघताना उजवीकडे. सार्नेन आणि लुंगर्नची तळी त्याच बाजूला. मायरिंगेनला गाडी उलटी फिरते, तेव्हा लोक उगाच उठून जागा बदलतात. तुम्ही उठू नका, ब्रिएन्झचं तळंही तुमच्याच खिडकीत येतं.

---

बाणकोटी

आणि दशम्या घ्या.

---

तुसडा_पाहुणा

तारीख सांगा. मी त्या दिवशी बर्नला जाईन.

---

खिडकीवाली

सोळा मे. नऊची गाडी. डब्यात लोणचं आंब्याचं असेल.